अंदमानची सहल परतीच्या विमानापासून मागे आखा: उघाडीच्या महिन्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

अंदमानला जायचं ठरलं की बहुतेक घरांत कामं एकाच क्रमाने होतात. विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं की ते काढायचं, मग फोटो बघून हॉटेलं ठरवायची, आणि बेटांमधल्या बोटीचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणायचं. हा क्रम उलटा आहे. विमानं पुष्कळ आहेत, खोल्याही मिळतात; अडतं ते बोटीपाशी. हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर सर्वसामान्य प्रवाशाला जायचं तर समुद्रमार्गेच जावं लागतं. सोयीच्या वेळेच्या बोटी मोजक्या असतात आणि वारा वाढला की त्याही रद्द होतात. म्हणून बेत परतीच्या विमानापासून मागे मागे येत आखायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, त्या वर-खाली करू नका.

नावांचा घोळ आधी मिटवून घेऊ. पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजय पुरम आहे. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. तिकिटांवर, नकाशांत आणि रिक्षावाल्यांच्या बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावं येतात. तिकीट काढताना दोन्ही शोधून पाहा. इथे ओळखीची जुनी नावं वापरली आहेत.

पायरी १: महिना ठरवा, आणि शाळेच्या सुट्टीशी त्याचं जमतं का ते पाहा

आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर ओसरला की दिवाळीत आकाश निरभ्र असतं. अंदमानात तसं नसतं. नैऋत्येचा पाऊस जातो न जातो तोच ईशान्येकडचा सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो चांगलाच असतो आणि काही वर्षी डिसेंबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हाच काळ. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतली सहल, जी महाराष्ट्रातून सर्वांत जास्त निघते, ती हवामानाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाची.

दुसरी मोठी सुट्टी मे महिन्याची. नैऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचण्याआधी अंदमानात येतात, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्याआधी उपसागरात एखादं वादळही उठू शकतं. ‘मेअखेर जाऊ, पाऊस तर जूनमध्ये असतो’ हा हिशेब इथे चालत नाही.

मग जायचं कधी?

- जानेवारीचा मध्य ते मार्चअखेर: सर्वांत भरवशाचा काळ. पाऊस नगण्य, समुद्र शांत, पाणी नितळ. लहान मुलं नसतील किंवा शाळेत जाणारी नसतील तर दुसरा विचार करू नका.
- एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा पहिला आठवडा: परीक्षा संपलेल्या मुलांसह जाणाऱ्यांसाठी हाच खरा पर्याय. दमट उकाडा असतो, पण पाणी बहुधा शांत असतं.
- २० डिसेंबर ते ५ जानेवारी: हवा बरी, पण गर्दी आणि भाव दोन्ही वर. बोटीची तिकिटं आधी हातात नसतील तर या काळात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.
- दिवाळी: जायचंच असेल तर दोन दिवस जास्तीचे धरून जा.

सावध: २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाने जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढलं. तेव्हा डिसेंबर लागला म्हणजे समुद्र निवळला असं धरून चालू नका.

पायरी २: परतीचं विमान धरून मागे मोजा

कोऱ्या कागदावर सगळ्यात खाली परतीचं विमान लिहा. त्याच्या वरच्या ओळीत ‘पोर्ट ब्लेअर, मुक्काम’. शक्य असेल तर त्याच्याही वर पुन्हा ‘पोर्ट ब्लेअर, मुक्काम’. या दोन ओळींना हात लावायचा नाही. बाकीची सहल त्यांच्या वर बसवायची.

लोक नेमकं उलट करतात. पहिले दोन-तीन दिवस पोर्ट ब्लेअर बघून घेतात, मग बेटांवर जातात आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान गाठायचं ठरवतात. त्या सकाळी बोट रद्द झाली तर विमानही गेलं, आणि गर्दीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीचं तिकीट चढ्या भावाने काढावं लागतं. पोर्ट ब्लेअरची स्थळं शेवटी ठेवली तर बोट एक दिवस उशिरा सुटली तरी फार तर रॉस बेट बुडतं, विमान चुकत नाही.

आठ दिवस, सात रात्रींचा सांगाडा असा बसतो:

१. पहिला दिवस: पोर्ट ब्लेअरला उतरणं, दुपारनंतर सेल्युलर जेल. मुक्काम पोर्ट ब्लेअर.
२. दुसरा दिवस: सकाळच्या बोटीने हॅवलॉक. संध्याकाळी राधानगर किनारा.
३. तिसरा दिवस: हॅवलॉक. स्कूबा किंवा एलिफंट बीच.
४. चौथा दिवस: हॅवलॉक, मोकळा. आदल्या दिवशीचं हुकलं असेल तर ते आज.
५. पाचवा दिवस: बोटीने नील. मुक्काम नील.
६. सहावा दिवस: दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर.
७. सातवा दिवस: रॉस बेट, बाजार. हाच राखीव दिवस.
८. आठवा दिवस: विमान.

दिवस सहाच असतील तर नील सोडा, राखीव दिवस सोडू नका. पाच दिवसांत दोन्ही बेटं बसवून देणारे बेत दिसतात. त्यात रोज सामान बांधणं आणि धक्क्यावर रांगेत उभं राहणं एवढंच होतं.

पहिल्याच दिवशी विमानातून उतरून दुपारच्या बोटीने थेट हॅवलॉक गाठायचा मोह होतो. विमान तासभर जरी उशिरा आलं तरी ही साखळी तुटते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना बहुधा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं, त्यामुळे उशीर व्हायला दोन जागा असतात. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

तपासा: मुंबई–चेन्नई आणि चेन्नई–पोर्ट ब्लेअर ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये आहेत का? वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या विमान कंपनीवर तुमची काही जबाबदारी राहत नाही. हजार-दोन हजार वाचवायला हा धोका घेण्यासारखा नाही.

पायरी ३: बुकिंगचा क्रम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

१. खाजगी बोटींची वेळापत्रकं उघडा. मॅक्रुझ, ग्रीन ओशन, नॉटिका या कंपन्यांच्या बोटी पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या त्रिकोणात धावतात. तुमच्या तारखांना जागा आहेत का एवढंच बघा, पैसे अजून भरू नका.

२. जागा दिसल्या की विमानाची जाण्या-येण्याची तिकिटं काढा.

३. त्याच बैठकीत, शक्यतो त्याच तासात, बोटीची तिन्ही तिकिटं काढा: पोर्ट ब्लेअर–हॅवलॉक, हॅवलॉक–नील, नील–पोर्ट ब्लेअर. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच टाका, कारण धक्क्यावर मूळ ओळखपत्र बघतात. लहान मुलांचंही घ्यावं लागतं. आधार कार्ड सोबत ठेवा.

४. आता हॉटेल. बेटांवरच्या मुक्कामासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी रद्द करता येणारी खोली घ्या. बोट हवामानामुळे रद्द झाली तर बोटीचे पैसे परत मिळतात, पण न वापरलेल्या खोलीचे पैसे हॉटेलवाला देईलच असं नाही.

५. स्कूबा करायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, हॅवलॉकमधल्या पहिल्या पूर्ण दिवसासाठी.

सरकारी बोटीही आहेत आणि त्या बऱ्याच स्वस्त पडतात. पण बेटांवरच्या माणसांना दवाखाना, कॉलेज, सरकारी काम या सगळ्यासाठी त्याच बोटीने यावं-जावं लागतं, आणि जागांवर पहिला हक्कही त्यांचाच. पर्यटकाने आपला सगळा बेत सरकारी बोटीवर उभा करू नये. जागा मिळाली तर जरूर जा. डेकवर उभं राहून समुद्र बघण्याचं सुख बंदिस्त, वातानुकूलित खाजगी बोटीत नाही. वेळ मात्र जास्त लागतो: खाजगी बोट हॅवलॉकला दीड तासाच्या आसपास पोहोचते, सरकारी बोटीला दोन-अडीच तास धरा.

सावध: पोर्ट ब्लेअरला धक्के एकाहून अधिक आहेत. खाजगी बोटी बहुधा हॅडोहून सुटतात, सरकारी बोटी फिनिक्स बे इथून. तिकिटावर जो धक्का लिहिला आहे तोच रिक्षावाल्याला सांगा, नुसतं ‘हॅवलॉकची बोट’ म्हणू नका. सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर पोहोचायचं.

हॉटेल घेताना दोन प्रश्न फोन करून विचारा. पहिला, खोली किती वाजता सोडावी लागते? हॅवलॉकला बऱ्याच ठिकाणी ती सकाळी आठ-नऊलाच सोडायला सांगतात. बोट दुपारची असेल तर मधले तास आणि सामान कुठे ठेवायचं ते आधी ठरवा. दुसरा, समोरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पोहता येतं का? हॅवलॉकच्या गोविंदनगर आणि विजयनगर बाजूला ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडक उघडे पडतात. फोटोत दिसणारं निळं पाणी भरतीच्या वेळचं असतं.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर या पायऱ्या तुमच्या हातात नसतात. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: बोटीचं नाव आणि वेळ, शेवटच्या रात्रीचा मुक्काम कुठे, आणि बोट रद्द झाल्यास जादा रात्रीचा खर्च कोणाचा. उत्तरं टाळली तर दुसरी कंपनी बघा.

पायरी ४: भरती-ओहोटी दिवसांवर बसवा

तारखा पक्क्या झाल्या की पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि प्रत्येक दिवसासमोर दोन्ही वेळा लिहा. हे काम पंधरा मिनिटांचं आहे, पण जवळजवळ कोणी करत नाही. मग नीलला जाऊन नैसर्गिक पूल पाण्यात बुडालेला बघून परत येतात.

कोकणातल्या वाचकांना तिथीवरून भरती काढायची रीत माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे. अंदमानात तो लावू नका, तिथल्या वेळा वेगळ्या आहेत. मूळ तत्त्व मात्र तेच: दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी.

कशाला काय हवं ते असं:

- नीलचा नैसर्गिक पूल, लक्ष्मणपूर क्रमांक दोन: ओहोटी हवी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. खडक शेवाळलेले असतात, पकड असलेले बूट घाला.
- नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर पोहणं, हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर पोहणं: भरतीकडचं पाणी हवं.
- एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग (तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचं बघणं): पाणी अगदी उतरलेलं नको. पाय प्रवाळावर पडतात, पायही कापतो आणि प्रवाळही मरतं.
- राधानगर: भरती-ओहोटीचा फारसा अडसर नाही. किनारा पश्चिमेला आहे, सूर्यास्तासाठी जा.
- रात्री पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव बघायचे असतील तर अमावस्येजवळचे दिवस. चांदण्यात ते दिसत नाहीत.

सगळं एका सहलीत जुळणार नाही. तुमच्या घरच्यांना त्यातलं सर्वांत काय हवंय ते विचारा आणि त्या एका गोष्टीसाठी तारीख एक-दोन दिवस पुढे-मागे करा. बाकीच्या गोष्टी मिळतील तशा घ्या.

तपासा: संध्याकाळ किती वाजता होते? अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला असूनही घड्याळ तेच चालतं. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सातला मावळेल या अंदाजाने साडेपाचला राधानगरला पोहोचणारे अंधारात उभे राहतात. हॅवलॉकच्या धक्क्यापासून राधानगर सुमारे १२ किलोमीटर आहे. चारच्या आत तिथे असा, आणि परतीची रिक्षा जातानाच ठरवून ठेवा. दिवस पहाटे लवकर सुरू होतो, म्हणून तुम्हीही तितक्याच लवकर उठा. दुपारी झोपा, हरकत नाही.

पायरी ५: पाण्याखाली जायचं असेल तर

पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत एकदाचं स्कूबा करता येतं. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि खोली १२ मीटरच्या आतच ठेवतात. मुलांसाठी साधारण दहा वर्षांची अट असते. पण तीन गोष्टी आधी बघायच्या.

पहिली, तब्येतीचा फॉर्म. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यातलं काही असेल तर खरं लिहा आणि निघण्याआधी इथेच आपल्या डॉक्टरांशी बोला. तिथे गेल्यावर ‘काही होत नाही’ म्हणत सगळीकडे ‘नाही’वर खूण करणारे दिसतात. कृपा करून हे करू नका. पाण्याखाली त्याची किंमत जिवानेही मोजावी लागू शकते.

दुसरी, सर्दी. नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडदा दुखावतो. त्या दिवशी रद्द करा. सांगाड्यात चौथा दिवस मोकळा ठेवला आहे तो यासाठी.

तिसरी, विमान. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे लगेच उडालात तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जासंस्था यांना इजा होऊ शकते. एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेक बुड्या असतील तर किमान १८ तास थांबावं, असं डायव्हिंग-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लक्षात ठेवायला सोपं म्हणून सरळ २४ तास धरा. नुसत्या स्नॉर्कलिंगला ही अट नाही.

सावध: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीचं तोंड, कांदळवन, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, इथे पाण्यात उतरू नका. पाटी लावलेली असेल तर तिथे वाद नको. जीवरक्षक असतील तिथेच, दिवसाउजेडी पोहा.

पायरी ६: कागद, पैसे, सामान

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथे जायला परवाना लागत नाही. परदेशातले नातेवाईक सोबत येणार असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड असेल, तर त्यांचे नियम वेगळे आहेत. विमानाचं तिकीट काढण्याआधी अंदमान प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते वाचा. सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या आणि तिकिटांच्या प्रती कागदावर काढून न्या.

चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मोबाइलची अवस्था सुधारली आहे, पण नीलवर आणि हॅवलॉकच्या टोकांना अजून भरवसा नको. नेटवर्क गेलं की यूपीआयही बंद. एटीएम पोर्ट ब्लेअरला भरपूर, हॅवलॉकला मोजकी, नीलला त्याहून कमी. बेटांवरच्या सगळ्या दिवसांचा जेवणाचा, रिक्षाचा आणि बोटीचा खर्च रोख, सुट्ट्यांसकट, पोर्ट ब्लेअरहूनच न्या. रिक्षावाल्याला पाचशेची नोट देऊन सुटे मागण्यात सकाळ घालवू नका.

सामानात लोक कपडे भरमसाट नेतात आणि खालच्या गोष्टी विसरतात:

- पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा पोहण्याचा शर्ट. उन्हापासून तो क्रीमपेक्षा जास्त वाचवतो आणि सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला घातक असतात, तीही पाण्यात जात नाहीत.
- पाण्यात घालायचे पकडीचे बूट. रबरी चपला लाटेत निघून जातात.
- बोट लागणाऱ्यांसाठी गोळी, डॉक्टरांना विचारून. ती बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, मधली.
- वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम. त्यांचे चावे आठवडाभर खाजतात आणि खाजवले की चिघळतात.
- नेहमीची औषधं पूर्ण सहलीची, वर चार दिवसांची जास्त. बेटांवर आरोग्य केंद्र आहे, पण मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच.
- मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, आणि भरून घेता येईल अशी पाण्याची बाटली.

ड्रोन नेऊ नका. हा नौदलाचा भाग आहे आणि परवानगीशिवाय उडवणं अंगाशी येतं.

पायरी ७: पोर्ट ब्लेअरचे दिवस

इथे थोडक्यात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील तर त्यांना आधी तिथे न्या, ऊन आणि थकवा वाढण्याआधी. मराठी माणसं बहुतेक तेवढ्यासाठीच आलेली असतात आणि शेवटी जिना चढवत नाही. दुपारी जेवणाच्या वेळेत कारागृह काही वेळ बंद असतं. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं सुट्टीच्या दिवसांत संपतात, आणि भाषा कोणती ते तिकिटावर बघून घ्या.

रॉस बेटाला आठवड्यातून एक सुट्टी असते, आजवर ती बुधवारी असायची. तुमचा सातवा दिवस त्या वारी येत नाही ना ते बघा. उरलेल्या वेळात चिडिया टापूचा सूर्यास्त. एक पूर्ण दिवस जास्तीचा असेल तर वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट. त्यासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते आणि प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्या नेता येत नाहीत.

बाराटांग बेटाबद्दल बरेच जण विचारतात. पहाटे निघून, जिरकाटांगच्या नाक्यावर थांबून, वाहनांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. मग होडीने चुनखडीच्या गुहा. मी जाऊ नका असंच सांगतो. गुहा सुंदर आहेत, पण त्या रस्त्यावरची पुष्कळ गर्दी गुहांसाठी नसते, वाटेत जारवा दिसतील म्हणून असते. माणसं ही बघायची गोष्ट नाही. ज्यांना तरीही जायचं आहे त्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: त्या पट्ट्यात गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. ‘दाखवतो’ म्हणणारा चालक असेल तर गाडी बदला.

तपासा, बॅग बंद करण्याआधी: शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचललेले आहेत का? मुलांचे खिसे आणि बादल्याही बघा. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. विमानतळावर सामान तपासतात, वस्तू जप्त होते आणि प्रकरण वाढूही शकतं. परवानाधारक दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती हातातल्या बॅगेत ठेवा.

पायरी ८: बोट रद्द झाली तर काय, कोणत्या क्रमाने

निघण्याच्या तीन दिवस आधीपासून भारतीय हवामान विभागाचा अंदमानसाठीचा अंदाज आणि मच्छीमारांना दिलेले इशारे रोज बघा. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल तर बोटींवर त्याचा परिणाम होणार हे धरून चाला.

बोट रद्द झाल्याचा निरोप आला तर धक्क्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. बंदर खात्याने थांबवलेली बोट तिकीटखिडकीवरचा माणूस सोडू शकत नाही. पुढची कामं या क्रमाने करा:

१. त्याच कंपनीकडे पुढच्या उपलब्ध बोटीत नाव बदलून घ्या. पैसे परत मागणं नंतर. रद्द झालेल्या बोटीतली सगळी माणसं त्याच पुढच्या जागांमागे असतात, म्हणून हे पहिलं.

२. कुटुंबातल्या दुसऱ्याने त्याच वेळी दुसऱ्या कंपन्यांच्या आणि सरकारी बोटींची चौकशी करावी.

३. आज जिथे आहात तिथली खोली एक रात्र वाढवा. अर्ध्या तासाने रिकामी खोली राहत नाही.

४. पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलला लगेच फोन करा आणि बोट रद्द झाल्याचा संदेश त्यांना पाठवा. येणारच नाही असं कळवणाऱ्यापेक्षा एक दिवस उशिरा येतो म्हणणाऱ्याला तारीख बदलून मिळण्याची शक्यता जास्त.

५. परतीच्या विमानाला दोन दिवसांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर नील सोडून द्या आणि हॅवलॉकहून सरळ पोर्ट ब्लेअरची बोट धरा.

६. दोन दिवस सलग बोटी बंद राहिल्या तर विमान कंपनीला फोन करून तारीख पुढे नेण्याचा खर्च विचारा. विमान सुटण्याआधी बदल केला तर थोडा खर्च येतो. सुटून गेल्यावर बहुतेक वेळा सगळं तिकीट जातं.

रद्द झाल्याचा संदेश, तिकीट आणि जादा खोलीची पावती जपून ठेवा. प्रवास विमा काढला असेल तर त्याच कागदांवर दावा करता येतो. विमा काढताना हवामानामुळे होणारा विलंब त्यात धरला आहे का, हे आधीच वाचून घ्या.